उरत नाही त्याचा इतिहास कसा लिहायचा?



माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘या घराच्या अंगणात सजावटीचा कोणताही पुरावा आढळत नाही, पांढरी राख चुलीतील असावी.’ वाक्य कसं छान, ठाम, शास्त्रीय वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’

त्या एका शब्दाचं उत्तर शोधायला मला जवळपास सहा महिने लागले. उत्तर मिळालं ते प्रयोगशाळेत नाही, कोकणातल्या आमच्या घराच्या अंगणात. दिवाळीत माझी आई आणि माझी साडेचार वर्षांची भाची मिळून रांगोळी काढत होत्या, तेव्हा. आज त्याबद्दल लिहिते आहे. पुरावा कसा शोधायचा हे आपल्याला शिकवतात. पुरावा मुळात उरण्यासारखाच नसेल तर काय, हे मात्र आपल्याला बहुतेक वेळा ठेच लागल्यावरच कळतं.

आधी थोडं माझ्या कामाविषयी

मी फायटोलिथवर काम करते. म्हणजे काय, तर झाडं मुळांतून पाणी शोषतात तेव्हा पाण्यात विरघळलेली सिलिकाही वर येते. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका पेशींमध्ये साचत राहते आणि त्या पेशीचाच आकार घेते. झाड मेलं, कुजलं, जळलं, तरी हे काचेसारखे बारीक कण मातीत हजारो वर्षं टिकू शकतात. गवतवर्गातल्या वनस्पतींत ते भरपूर असतात, आणि भात हेसुद्धा एक गवतच.

भाताचं तूस जाळलं तर त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते. तुसाच्या पेशींचे कण सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतात, कारण प्रत्येकावर दोन टोकदार उंचवटे असतात. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात भातशेतीची सुरुवात शोधताना याच दोन उंचवट्यांच्या कणांची मोजमापं फार कामी आली.

आता आमच्या घरी चला. कोकणात बऱ्याच घरांमध्ये रांगोळी दगडाच्या भुकटीची नसायची, भाताच्या तुसाची असायची. तुसाचा ढीग पेटवून हळूहळू धुमसू द्यायचा. घाई केली तर राख काळी राहते, कारण त्यात कोळसा उरतो. नीट जळली की पांढरी होते. मग ती वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. माझी आजी असंच करायची आणि आई अजून करते. वर्षाला एक डबा.

लहानपणापासून हे पाहत आले होते मी. तरीही, विश्वास ठेवा, त्या दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की आई चिमटीतून जे जमिनीवर सोडते तेच मी पुण्यात स्लाइडवर मोजत बसते.

अंगणात काय झालं

आमचं अर्धं अंगण आता सिमेंटचं आहे. तुळशीपुढचा भाग मात्र आईने हट्टाने मातीचा ठेवलाय. पहाटे ती तो शेणाने सारवते आणि वाळत आला की ठिपके टाकते. त्या दिवशी भाची मदतीला होती. मदत म्हणजे, आईने चार ओळी नीट जोडल्या की ही मधल्या रिकाम्या जागा भरणार. परसातून झेंडूच्या पाकळ्या, प्राजक्ताची फुलं, आंब्याची पानं आणि कुठून तरी आणलेल्या दोन करवंट्या. करवंट्या का, तर ‘ते कासव आहे’. आईने विचारलं नाही. करवंटीभोवती राखेची एक रेघ ओढून कासवाला घर करून दिलं.

सगळं झाल्यावर भाचीने विचारलं, “आजी, उद्या असेल का?”

“नाही गो बाय. उद्या झाडायची. उद्या दुसरी काढू.”

“मग आज कशाला काढली?”

आई हसली आणि म्हणाली, “आज आजच्यासाठी.”

मी ओसरीवर चहा पीत होते. माझ्या डोक्यात एकदम मॅडमची पेन्सिल आली. उद्या सकाळी हे झाडलं जाणार. पाकळ्या खतात जाणार, पानं कुजणार, राख मातीत मिसळणार. पाचशे वर्षांनी माझ्यासारखी कोणी इथली माती नेऊन तपासली तर तिला भाताच्या तुसाची सिलिका मिळेल. आणि ती लिहील, ‘सजावटीचा कोणताही पुरावा आढळत नाही, राख चुलीतील असावी.’

पदार्थ उरतो, मांडणी जाते. आणि कला तर मांडणीतच असते.

मग अशा गोष्टींचा इतिहास आपल्याला कळतो कसा?

घरून परत आल्यावर मी थोडे दिवस माझा विषय बाजूला ठेवला आणि एवढंच शोधलं की जमिनीवरच्या, एका दिवसाच्या कलेबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते कुठून आलं. मला चार वाटा दिसल्या. प्रत्येक वाट काहीतरी देते आणि काहीतरी लपवते.

पहिली वाट ग्रंथांची. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ६४ कलांची यादी आहे. ग्रंथ साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. या यादीत ‘तण्डुलकुसुमबलिविकार’ नावाची कला येते, म्हणजे तांदूळ आणि फुलं यांच्या रचना करणं. छान! जुना उल्लेख मिळाला. पण थांबा. यादीत फक्त नाव आहे. ती रचना कशी दिसायची, कुठे काढायचे, हे तिथे नाही. ते आपल्याला सांगतो यशोधर, आपल्या ‘जयमंगला’ टीकेत. रंगीत, अखंड तांदळांनी सरस्वतीच्या किंवा कामदेवाच्या मंदिरातल्या फरसबंदीवर नक्षी काढणं, असा अर्थ तो देतो. पण यशोधर आहे साधारण तेराव्या शतकातला. म्हणजे मूळ ग्रंथ आणि टीका यांत हजारेक वर्षांचं अंतर. तो सांगतोय ते तिसऱ्या शतकातलं, की त्याच्या स्वतःच्या काळात डोळ्यांनी पाहिलेलं? दोन्ही शक्य आहे. तुम्ही जेव्हा ‘कामसूत्रात लिहिलंय की...’ असं वाचाल तेव्हा आधी बघा, ते मूळ ग्रंथात आहे की टीकेत. इतिहासातल्या निम्म्या चुका इथेच होतात, असं माझं मत झालंय.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याचा हा ग्रंथ, इ.स. ११२९च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकात बीदर जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून. या ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगताना ‘धूलिचित्र’ वेगळं सांगितलंय, म्हणजे रंगीत चूर्णांनी काढलेलं चित्र. बाराव्या शतकात, आपल्याच परिसरात, भुकटीने काढलेल्या चित्राला चित्रकलेच्या वर्गवारीत जागा होती, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. पण लक्षात घ्या, हे राजाचं पुस्तक आहे. शेतकऱ्याच्या अंगणात काय चालायचं, ते राजाने लिहिलेलं नाही. ‘राजाच्या ग्रंथात आहे’ आणि ‘घरोघरी होतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

दुसरी वाट योगायोगाची. मऊ मातीवर केलेली खूण एखाद्या ठिकाणी चुकून टिकून राहते. फ्रान्समध्ये रूफिन्याक नावाची गुहा आहे. तिथे हिमयुगाच्या अखेरच्या काळातली चित्रं तर आहेतच, पण भिंतींवर आणि छतावर मऊ थरात नुसत्या बोटांनी ओढलेल्या असंख्य रेघाही आहेत. वर्षानुवर्षं लोकांनी त्यांचे गूढ अर्थ लावले. मग केविन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर या दोघांनी फार साधी गोष्ट केली. त्यांनी आजच्या लोकांना, मोठ्यांना आणि मुलांना, मातीत तशाच रेघा ओढायला लावल्या. मधल्या तीन बोटांच्या एकत्र रुंदीची मोजमापं घेतली आणि गुहेतल्या रेघांशी ताडून पाहिली. २००६ साली त्यांनी मांडलं की यातल्या काही रेघा दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आहेत.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐका. मुलांच्या काही रेघा छतावर आहेत, त्या वयाच्या मुलाचा हात पोचणारच नाही इतक्या उंच. म्हणजे कोणीतरी मोठ्या माणसाने त्या मुलाला उचलून धरलं होतं. आई होती, बाप होता की आजी, हे रेघा सांगत नाहीत. पण मूल एकटं नव्हतं, हे सांगतात. बघा, ‘गूढ अर्थ’ लावणाऱ्यांना जे दिसलं नाही ते मोजपट्टीला दिसलं. आणि मोजपट्टी कुठून आली? आजच्या मुलांच्या हातांवरून.

याच वाटेवरचं एक वादाचं उदाहरणही सांगते, कारण संशोधनाला बसताना वाद माहीत असलेले बरे. तिबेटमध्ये क्वेसांग इथे गरम पाण्याच्या झऱ्याजवळ चुनखडीचा मऊ थर होता. त्यावर हातापायांचे ठसे उमटले आणि थर दगडासारखा कडक झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ठशांचं वय सुमारे १,६९,००० ते २,२६,००० वर्षांच्या दरम्यान दिलंय. ठशांच्या आकारावरून ते दोन मुलांचे असावेत, एक सातेक वर्षांचं, एक बारा वर्षांच्या आसपासचं. ठसे एकमेकांवर न चढता ओळीने मांडल्यासारखे आहेत, म्हणून ही कला आहे, असं त्या संशोधकांचं म्हणणं. इतर काही अभ्यासक म्हणतात की मुलं ओल्या मातीत हात दाबतातच, त्याला कला कशाला म्हणायचं? इथे वय किंवा मोजमाप हा वादाचा मुख्य मुद्दा नाही. ‘कला’ या शब्दाची व्याख्या हा आहे. तुमच्या विषयातही असे वाद असतील. मोजमापावरचा वाद कोणता आणि शब्दावरचा कोणता, हे आधी वेगळं करा.

तिसरी वाट नोंदीची. कोणीतरी त्या दिवशी तिथे होतं आणि त्याने ते उतरवून ठेवलं. अवनींद्रनाथ टागोरांनी १९१९ साली ‘बांग्लार ब्रत’ हे पुस्तक काढलं. बंगालमधल्या बायका व्रतांसाठी तांदळाच्या पिठाच्या ओल्या पिठीने जमिनीवर ज्या अल्पना काढायच्या, त्यांचे नमुने त्यात आहेत. त्या बायकांची जमीन कधीच धुतली गेली, कागद उरला.

आणि आता तुलनेसाठी इंग्लंडमधली एक गोष्ट. १९६७ साली रिचर्ड लाँग नावाचा लंडनमधला कलाविद्यार्थी एका कुरणात गेला आणि एकाच सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चालत राहिला. गवत दबून तिथे एक रेघ दिसायला लागली. त्याने तिचा कृष्णधवल फोटो काढला आणि निघून आला. गवत चार दिवसांत उभं राहिलं असणार. पण तो फोटो आज विसाव्या शतकातल्या कलेच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. नैसर्गिक वस्तूंनी, उघड्यावर, तात्पुरती कला करण्याचा एक मोठा प्रवाह पुढे वाढला, त्याच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये त्या रेघेचं नाव घेतात.

मी हे टोमणा म्हणून सांगत नाहीये, मला ते काम खरंच आवडतं. पण विचार करा. त्याच वर्षी, त्याच दिवशी, आमच्या गावात माझ्या आजीनेही जमिनीवर रेघा ओढल्या असतील. तिच्याकडे कॅमेरा नव्हता आणि आपण करतोय त्याला कोणी कला म्हणेल हेही तिच्या मनात नव्हतं. म्हणून एक रेघ कलेच्या इतिहासात गेली आणि दुसरी ‘घरकामात’. फरक रेघेत नव्हता, नोंदीत होता. जे नोंदलं गेलं तेवढंच घडलं असं आपण धरून चाललो तर बायकांचं, मुलांचं आणि गरिबांचं बहुतेक सगळं आयुष्य इतिहासातून गळून पडतं.

चौथी वाट नियमाची, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती आवडेल. १९७४ साली मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी तमिळ घरांपुढे काढल्या जाणाऱ्या कोलमचा संगणकशास्त्राच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. आपण भाषेचं व्याकरण लिहितो तसं त्यांनी कोलमच्या आकृत्यांचं व्याकरण लिहिलं: हा तुकडा, त्याला अशा रीतीने वाढवायचं, की पुढची मोठी आकृती तयार. म्हणजे बाई डोक्यात शंभर चित्रं ठेवत नाही. ती थोडे नियम ठेवते आणि चित्रं त्यातून निघतात. चित्र रोज पुसलं गेलं तरी नियम पुसला जात नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. बहुतेक वेळा मोठ्या हातातून अगदी लहान हातात.

पाच डब्यांचा प्रयोग

एवढं वाचून झाल्यावर मला काय वाटलं असेल? अर्थातच, आता माझ्या मातीतली ती राख म्हणजे रांगोळीच! मी एका रात्रीत परिषदेसाठी सारांशही लिहून टाकला. शीर्षकात ‘प्राचीन रांगोळी’ हे शब्द होते. बातमी होईल असं शीर्षक होतं ते, खोटं कशाला बोलू. पाठवायच्या आधी मात्र मॅडमचा शब्द आठवला. ‘कशावरून?’ तो प्रश्न आता या नव्या वाक्यालाही लागू होता.

मग मी आईला फोन केला आणि पुढच्या सुट्टीत घरून पाच डब्या भरून आणल्या. पहिल्या डबीत आईच्या डब्यातली ताजी तुसाची राख. दुसरीत दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलेली रांगोळी. तिसरीत त्याच जागेची आठ दिवसांनंतरची माती. चौथीत चुलीतली राख. पाचवी डबी महत्त्वाची, ती होती गोठ्यामागच्या कोपऱ्यातली माती, जिथे रांगोळी कधीच काढलेली नाही. हा माझा कंट्रोल.

तिसरी आणि पाचवी डबी नेहमीप्रमाणे आम्लाने धुऊन, जड द्रवात तरंगवून, स्लाइड केल्या. पहिल्या दोन डब्यांत तुसाचे दोन उंचवट्यांचे कण खच्चून भरलेले होते. अपेक्षितच होतं. तिसऱ्या डबीतही ते दिसले. मी खूश. मग चौथी पाहिली, त्यातही होते, कारण चूल पेटवताना आई तूस टाकते. मग पाचवी. पाचवीतही होते!

का नसतील? गोठ्यामागे गुरांचं शेण असतं, शेणात पेंढा आणि कोंडा असतो. पूर्वी तिथेच भात झोडायचे, पाखडायचे. सारवायच्या शेणातूनही भाताचे कण अंगणभर जातात. म्हणजे भाताच्या गावात, भाताच्या घरात, तुसाची सिलिका सगळीकडे. ती रांगोळीतून आली, चुलीतून आली, खळ्यातून आली की गोठ्यातून, हे नुसत्या कणांवरून सांगता येत नाही. वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकाच मुक्कामाला पोचणं, याला आपल्याकडे समफलिता म्हणतात. शब्द मी दुसऱ्या वर्षी परीक्षेसाठी पाठ केला होता. अर्थ पाचव्या डबीने शिकवला.

माझा सारांश मी पुसून टाकला. वाईट वाटलं का? हो, वाटलं. पण नीट बघा, पहिलं वाक्यही गेलं होतं. ‘राख चुलीतील असावी’ हेही मला म्हणता येत नव्हतं आणि ‘रांगोळीची असावी’ हेही नाही.

मग पुढे काय? मोकळी माती पिशवीत भरून आणली की मांडणी आपण स्वतःच मोडून टाकतो. त्याऐवजी जमिनीचा न हलवलेला ठोकळा कापून आणायचा, त्यात राळ मुरवून तो घट्ट करायचा आणि त्याचा केसापेक्षाही पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मग शेणामातीच्या दोन सारवणांमध्ये राखेचा एक पातळ, स्वच्छ थर पुन्हा पुन्हा येतो का, ते कळू शकतं. चुलीचा उपसा असा येणार नाही, तो ढिगाने आणि कोळशासकट येईल. इतकं जरी मिळालं तरी मी एवढंच म्हणू शकेन की इथे जमीन वारंवार सारवून तिच्यावर पांढरी राख पसरली जात होती. त्यावर ठिपके होते की कासव होतं, ते तरीही कळणार नाही. आकार गेला तो गेलाच.

आता माझ्या प्रकरणात असं लिहिलंय: ‘अंगणाच्या नमुन्यांत भाताच्या तुसाचे फायटोलिथ आढळतात. ते कोणत्या कृतीमुळे आले हे मोकळ्या नमुन्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी थरांचा अखंड छेद तपासावा लागेल.’ पहिल्यापेक्षा हे वाक्य कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “आता हे टिकेल.”

तुमच्यासाठी तीन शब्दप्रयोग

तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात. विषय कोणताही असो, हे तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवायची सवय आत्ताच लावा.

‘नव्हतं’. हे म्हणायला फार मोठा पुरावा लागतो. गोष्ट असती तर ती इथे उरलीच असती, हे आधी दाखवावं लागतं.

‘उरलं नाही’. हे म्हणायला पदार्थ कसा कुजतो, विरघळतो, पुसला जातो, याचं ज्ञान लागतं.

‘ओळखता येत नाही’. म्हणजे खूण आहे, पण ती अनेक कारणांनी होऊ शकते. हे म्हणायला कंट्रोल लागतो. पाचवी डबी लागते. आपल्या हव्या त्या उत्तराला अडचणीत आणील असा एक नमुना मुद्दाम शोधून आणावा लागतो.

आणि चौथी सवय, परंपरेवर लिहिताना. रांगोळीचा इतिहास शोधायला गेलात तर कुठेतरी ‘ही कला सिंधू संस्कृतीपासून चालत आली’ असं वाचायला मिळेल. पुरावा म्हणून राजस्थानातल्या कालीबंगानच्या फरशांवरची एकमेकांना छेदणारी वर्तुळं दाखवतात. त्या फरशा खऱ्या आहेत, नक्षीही खरी आहे. पण फरशी टिकली कारण ती पक्की होती, आणि छेदणारी वर्तुळं कोणालाही, कुठेही सुचू शकतात. दोन आकृत्या सारख्या दिसल्या म्हणजे मधली साडेचार हजार वर्षं आपोआप जोडली जात नाहीत. जुनं असणं हीच एखाद्या गोष्टीची किंमत आहे असं आपण धरतो, म्हणून हा मोह होतो. आईची रांगोळी चाळीस वर्षांची असली तरी ती मोलाचीच आहे की.

एक घरचा अभ्यास

जाता जाता, मी पुढे काय केलं ते सांगते, तुम्हालाही करता येईल. मी आईला वही आणि पेन दिलं आणि म्हटलं, तुला येतात तेवढ्या रांगोळ्या यात काढ. तिने तीन काढल्या आणि थांबली. “कागदावर नाही सुचत. जमिनीवर बसले की हात आपोआप जातो,” म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या गोष्टीची नोंद मागत होते. मी चित्रं मागत होते, तिच्याकडे नियम होते.

म्हणून आता आई अंगणात बसते तेव्हा मी वरून फोनवर चित्रण करते. ठिपके आधी कुठून टाकले, पहिली रेघ कुठून निघाली, कुठे वळली, चुकल्यावर काय केलं, राख कोणत्या महिन्यात जाळली, कोणत्या भाताच्या जातीच्या तुसाची. तारीख, जागा, हात कोणाचा. तुमच्या घरी रांगोळी नसेल, तर दिवाळीचा मातीचा किल्ला असेल, हरतालिकेची वाळूची पिंड असेल, पोळ्याचे मातीचे बैल असतील. जे दुसऱ्या दिवशी मोडणार आहे असं काहीही. आजी-आजोबा आणि नातवंडं मिळून ते करत असतील तर सोडूच नका, कारण नियम हातातून हातात जाताना दिसण्याची ती जागा आहे. फक्त त्यांची परवानगी घ्या आणि मध्ये बोलू नका.

माझ्याकडे आतापर्यंत असे अकरा व्हिडिओ जमलेत. सातव्यात भाची पहिल्यांदा एकटीने चार बाय चारचे ठिपके टाकते. तिसरी ओळ वाकडी जाते. आई तिला थांबवत नाही. वाकड्या ओळीला धरूनच पुढची रेघ ओढते आणि शेवटी आकृती जुळते. हे कसं जुळलं, ते मला अजून लिहून काढता आलेलं नाही. तो व्हिडिओ मी रोज थोडा थोडा, थांबवून थांबवून बघते आहे.